बेटावरच्या भातखाचरांची क्षारता मोजायची आहे : ईसी मीटरच्या आकड्यावर किती भरवसा ठेवू?

जुळे_सोलापूर_मृदा :

नमस्कार. मी सोलापुरात मृदाशास्त्रात एम.एस्सी. करते. घरची शेती मंगळवेढा तालुक्यात, खोल काळी, ज्वारीची. प्रबंधासाठी मात्र काम मिळालंय दक्षिण अंदमानातल्या खाडीलगतच्या भातजमिनींचं. २००४ च्या त्सुनामीत तिथे समुद्राचं पाणी शिरलं होतं. काही खाचरं पुन्हा पिकाखाली आली, काही पडीक आहेत, काहींत आजही उधाणाला पाणी येतं. यातली कोणती जमीन सुधारतेय आणि कोणती हातची गेली, हे क्षारतेवरून सांगायचंय.

माझ्याकडे खिशात मावणारा ईसी मीटर (ईसी म्हणजे विद्युत वाहकता, क्षार जास्त तर आकडा जास्त), पीएच पेन आणि गिरमिट आहे. एकदा कोरड्या हंगामाच्या शेवटी आणि एकदा पावसाळा सरल्यावर तिथे जाता येईल. सराव म्हणून कालव्याच्या कडेला असलेल्या मामांच्या उसाच्या रानातली माती घेतली, सावलीत वाळवली, कुटून चाळली, एकास अडीच पाण्यात ढवळून मोजली. ईसी १.४ (डेसीसायमन प्रति मीटर) आली. पुस्तकात ४ च्या वर क्षारयुक्त असं लिहिलंय. म्हणजे हे रान चांगलं म्हणायचं का? पण तिथला ऊस कडेनं करपतो आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये वरंब्यांवर पांढरं फुटतं, ते तर डोळ्यांना दिसतं.

अंदमानात हीच पद्धत चालेल का? नमुने कुठून आणि किती खोलीवरून घ्यावेत? आणि फक्त ईसीवरून जमिनीची तब्येत सांगणं योग्य आहे का? माहीतगारांनी कृपया सविस्तर लिहावं.


काळीमाती_सोलापूर :

तुमचा प्रश्न वाचून फार बरं वाटलं. आयुष्यभर माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत काम केलं. ईसीचा आकडा नोंदवहीत चढतो आणि तो कशा पद्धतीनं काढला हे कुणी विचारत नाही, याची मला कायम रुखरुख वाटत आली. तुम्ही विचारलंत, म्हणून मोकळेपणानं लिहितो.

आधी तुमच्या १.४ चं. पुस्तकातला ४ हा आकडा संपृक्त अर्काचा आहे. १९५४ साली अमेरिकेच्या क्षारता प्रयोगशाळेनं जी हस्तपुस्तिका काढली, तिथून तो जगभर गेला. संपृक्त अर्क म्हणजे मातीत बेतानं पाणी घालून चिखल करायचा, तो चमकला पाहिजे, सुरीवरून घसरला पाहिजे, पण वर पाणी साचता कामा नये. तो रात्रभर ठेवायचा आणि निर्वात पंपावर गाळून जे पाणी निघेल त्याची ईसी घ्यायची. तुम्ही मात्र शंभर ग्रॅम मातीला अडीचशे मिली पाणी घातलंत. क्षार तेवढेच, पाणी जास्त, म्हणून आकडा लहान.

किती लहान, हे मातीवर ठरतं. आपल्या भारी काळ्या मातीला संपृक्त व्हायला शंभर ग्रॅमला साधारण सत्तर मिली पाणी लागतं. अडीचशे भागिले सत्तर म्हणजे साडेतीन पट. तुमचे १.४ संपृक्त अर्कात ५ च्या घरात जातात. उसाची सहनशक्ती १.७ ला संपते आणि त्यापुढे दर एककाला उत्पादन सहा टक्क्यांच्या आसपास घटतं. मामांचा ऊस का करपतो, ते इथेच कळतं. एक सावधगिरी सांगतो. आपल्याकडच्या मातीत जिप्सम असेल तर जास्त पाण्यात ते आणखी विरघळतं आणि गुणाकार फसतो, खरा आकडा ५ हून कमी निघू शकतो. समुद्राच्या मिठाच्या बाबतीत ही अडचण फारशी नाही, ते सगळं आधीच विरघळलेलं असतं.

आता हाच हिशेब वाळूचा करा. प्रवाळाची वाळू, जशी लक्षद्वीपला सगळीकडे आणि अंदमानच्या किनारपट्टीवर जागोजागी आहे, ती शंभर ग्रॅमला पंचवीस-तीस मिली पाण्यातच संपृक्त होते. तिथे गुणक नऊच्या आसपास येतो. म्हणजे मीटरवर एकच १.० दिसेल, पण काळ्या मातीत त्याचा अर्थ साडेतीन आणि वाळूत नऊ. एक पिकाला चालेल, दुसरा मारून टाकेल. म्हणून मी कळकळीनं सांगतो, प्रत्येक पोताच्या निदान थोड्या नमुन्यांचा संपृक्त अर्क काढाच आणि तुमचा गुणक तुमच्याच मातीवरून ठरवा. पुस्तकातला गुणक उचलू नका.

मीटरबद्दल थोडक्यात. तो पीपीएमवर, म्हणजे क्षारांचं वजन दाखवणाऱ्या एककावर, ठेवू नका, कंपन्या आतला गुणक कुणी ०.५ धरतात, कुणी ०.७. ईसीवरच ठेवा, आणि पडद्यावर मायक्रोसायमन दिसत असेल तर हजारानं भागा. ०.७४५५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड एक लिटर ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवलं की २५ अंशाला १.४१३ यायला हवं, रोज सकाळी तपासा. तापमान आपोआप दुरुस्त होतंय ना, तेही पाहा. एका अंशाला साधारण दोन टक्के फरक पडतो, म्हणजे सोलापूरच्या मेमधल्या चाळीस अंशांत दुरुस्तीविना घेतलेला आकडा तीस टक्के फुगलेला असतो. समुद्राचं पाणी पन्नासच्या वर जातं, खिशातले बरेच पेन त्याच्या कितीतरी आधी थांबतात, तेव्हा खाडीचं पाणी दहा पट पातळ करून मोजावं लागेल.

आता मुख्य गोष्ट. तुम्ही माती वाळवून, कुटून, चाळून मोजलीत, आपल्याकडे हेच बरोबर आहे. पण खाडीलगतच्या, एके काळी कांदळवनाखाली असलेल्या मातीत हे केलंत तर तुम्ही वेगळीच माती मोजाल. त्या चिखलात हवा नसते आणि लोखंड-गंधकाचं पायराइट साठलेलं असतं. ओली असताना ही माती शांत असते, पीएच सहा-साताच्या आसपास. वाळली, हवा लागली की पायराइटचं गंधकाम्ल होतं आणि पीएच चारच्याही खाली उतरतो. सल्फेट वाढल्यानं ईसीही वर जाते. मग तुम्ही ‘क्षारयुक्त’ म्हणून जे लिहाल, ते समुद्राचं मीठ नसेलच, वाळवणीतून तयार झालेलं आम्ल असेल.

म्हणून तिथे पीएच आणि ईसी दोन्ही आधी बांधावरच, ओल्या मातीत घ्या. ओलावा किती होता ते नंतर एक वाटा १०५ अंशांवर वाळवून काढता येईल. दुसरा वाटा काही आठवडे ओलसर पण हवेशीर ठेवा आणि पीएच पुन्हा घ्या. दोन पीएचमध्ये मोठी दरी पडली तर ती जमीन आम्ल-सल्फेटची आहे. चिखलाला सडक्या अंड्याचा वास, चिरेत पिवळे फिकट डाग, ही बाहेरची खूण. हायड्रोजन पेरॉक्साइडचे थेंब टाकून फेस आणि पीएचची घसरण पाहणं ही शेतावरची जलद चाचणी.

ही बाब मी एवढी लांबवतो याचं कारण आहे. अशा जमिनीला ‘क्षार जास्त, निचरा करा’ असा सल्ला दिला आणि खोल चर मारले, तर पाण्याखाली निपचित असलेलं पायराइट उघडं पडतं. मग चरातून ॲल्युमिनियम आणि लोह घेऊन आम्ल पाणी वाहतं, भात जातो, खाडीतली मासळीही जाते. चुकीच्या मोजणीतून चुकीचा उपाय, आणि तो परत फिरवायला फार वर्षं लागतात. मंगळवेढ्यात निचरा हे औषध आहे, तिथे तेच विष ठरू शकतं.

नमुन्यांचं : मृदा आरोग्य पत्रिकेसाठी आपण शेतभर फिरून माती एकत्र करतो, चार वाटे करतो, दोन टाकतो. सुपीकतेला ते ठीक. क्षारतेला नाही, कारण मीठ डागाडागांनी असतं आणि मिसळलं की डाग पुसला जातो. खाडीच्या काठापासून चढावाकडे सरळ रेघ धरा, काठाजवळ अंतर कमी, पुढे वाढवत न्या. प्रत्येक ठिकाणी ०-१५, १५-३०, ३०-६० आणि ६०-९० सेंटीमीटर वेगवेगळं. सोबत त्या दिवशीची भरती-ओहोटीची वेळ, शेवटचा पाऊस कधी झाला आणि भोकात पाणी किती खोलीवर लागलं, हे लिहा. त्या पाण्याचीही ईसी घ्या.


भीमाकाठचा_शेतकरी :

ताई, मी शिकलेला नाही तेवढा, पण क्षारपड जमिनीत हात घातलाय म्हणून लिहितो. आमचं रान पंढरपूर तालुक्यात. उजनीचं पाणी आलं, ऊस आला, दोन पैसे आले. पाट पाण्यानं वर्षानुवर्षं भिजवलं आन् खालच्या अंगाचं रान मिठानं फुटलं. आधी हरभरा उगवंना, मग उसाला फुटवा येईना, मग नुसता लव्हाळा.

माती तपासायला दिली तर कागदावर सगळं ठीक. माती घेतलेली भर पावसाळ्यात, वरची सहा इंच. पावसानं वरचं मीठ तेवढ्यापुरतं खाली ढकललेलं. एका ओळखीच्या पोरानं उन्हाळ्यात गिरमिट घालून दोन फुटाखालची माती काढली, ती ओलीच होती, आन् तिचं पाणी मीटरला लावल्यावर काटा वर. खाली पाणी तुंबलंय, उन्हानं ते वर ओढलं जातंय, पाणी उडतं आन् मीठ ऱ्हातं. सोलापूरला पाऊस तो किती? पाचशे-सहाशे मिलिमीटर. तेवढ्यात ते धुऊन जाणार न्हाई.

मग सच्छिद्र पाइप टाकले साडेतीन-चार फुटांवर, ओढ्याला तोंड काढलं. आता माझी तुम्हाला एक सूचना आहे. त्या पाइपाच्या तोंडाशी बादली धरून पाणी मोजत चला. आम्ही तेच केलं. सुरुवातीला येणारं पाणी खारट, जिभेला कळायचं. दर पाण्यागणिक आकडा उतरत गेला. मातीचा नमुना इथला घेतला तर एक, चार पावलावर दुसराच. पण रानातनं भायेर जाणारं पाणी सगळ्या रानाची खबर देतं. तुमच्या बेटावर पाइप नसतील, पण पाणी कुठनं तरी भायेर पडतच असंल. तिथं बादली धरा.


काळीमाती_सोलापूर :

दादा, तुमची सूचना मोलाची आहे. जमिनीत किती मीठ आहे यापेक्षा आत किती येतंय आणि बाहेर किती जातंय, हे तब्येतीचं खरं माप. अंदमानात खाचरांना समुद्राकडून बांध असतो आणि त्याला उघाडी असते, आपल्या कोकणातल्या खारजमिनींसारखीच. ओहोटीला उघाडीतून पाणी बाहेर पडतं, भरतीला झडप मिटते, निदान मिटायला हवी. ताई, त्या उघाडीच्या आतल्या बाजूला भरतीत आणि ओहोटीत ईसी घ्या. ओहोटीला आकडा उतरत असेल तर बांध काम करतोय. भरतीला आत आकडा चढत असेल तर झडप गळते किंवा बांधाला खेकड्यांची भोकं आहेत, आणि मग मातीचे कितीही नमुने घेतले तरी दरवर्षी तेच चित्र दिसेल.

पावसाचा फरकही लक्षात ठेवा. पोर्ट ब्लेअरला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आपल्या पाचपट, आणि तो मेपासून डिसेंबरपर्यंत चालतो. त्सुनामीत एकदाच पाणी येऊन गेलं त्या जमिनी पावसानं लवकर धुऊन निघाल्या. जिथे जमीनच खचली, तिथे पावसाचा इलाज चालत नाही. तुमच्या दोन्ही भेटींमधला फरक, म्हणजे एप्रिलचा आकडा आणि पावसाळ्यानंतरचा, हाच प्रबंधाचा कणा करा. एकट्या आकड्याला फारसा अर्थ नाही.


चाथमकाठचा_मराठी :

मी मूळचा बार्शीचा, नोकरीमुळे बरीच वर्षं इकडे. पोर्ट ब्लेअरचं नाव आता श्री विजयपुरम झालंय, कागदपत्रांत दोन्ही दिसेल, गोंधळू नका.

जमीन खचण्याबद्दल वर लिहिलंय ते अगदी खरं. २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपात दक्षिण अंदमान साधारण मीटरभर खाली गेलं. शहराबाहेर सिप्पीघाटला पूर्वी भाताची खाचरं होती, आज तिथे खाडीचं पाणी आहे. उत्तरेला याच्या उलट झालं, उत्तर अंदमानचा किनारा वर उचलला गेला, प्रवाळ उघडे पडले आणि भरतीचं पाणी पोचेना म्हणून कांदळवन वाळलं. एकाच भूकंपानं एका टोकाला जमिनीवर मीठ आणलं आणि दुसऱ्या टोकाला खाजणाचा चिखल वाळत टाकला. काळीमाती सरांनी लिहिलेला आम्लाचा धोका त्या दुसऱ्या टोकाला जास्त. जमलं तर दोन्हीकडचे नमुने घ्या.

आता व्यवहाराचं. पेरॉक्साइड तीव्र असतं, विमानात नेऊ देत नाहीत, इथेच मिळवा. केंद्रीय द्वीपीय कृषी संशोधन संस्था इथेच आहे, आधी पत्र पाठवून त्यांना भेटा, या जमिनींवर त्यांचं बरंच काम झालंय. रुंद गादीवाफे आणि मध्ये खोल सऱ्या करून वर भाजी, खाली भात-मासळी, ही पद्धत त्यांनी सखल खाचरांसाठी शेतकऱ्यांपर्यंत नेली आहे. अशा शेतात गेलात तर वाफ्याच्या माथ्यावरची आणि सरीतली माती वेगळी मोजा. पावसात माथा लवकर धुतला जातो, आणि कोरड्या दिवसांत सरीतलं पाणी खारं असेल तर मीठ माथ्यावरच चढतं.

कांदळवनात शिरायला वनखात्याची परवानगी लागते, आदिवासींच्या राखीव क्षेत्रात तर मुळीच जाऊ नका, कायदा कडक आहे. आणि खाडीकाठी एकटीनं, विशेषतः तिन्हीसांजेला, गुडघाभर पाण्यात उभं राहून नमुने घेऊ नका. इथे खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत, माणसं गेली आहेत. हे घाबरवायला लिहीत नाही, गावातला माणूस सोबत घ्या एवढंच.

गावकऱ्यांना झाडांवरून जमीन चांगली कळते. खाचरात मोठं खारफुटी नेचं किंवा तिवराची रोपं आपोआप येऊ लागली असतील तर भरती तिथवर पोचते, मीटर नंतर लावा. विहिरींकडेही बघा. बेटाचं गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. समुद्रपातळीच्या वर एक मीटर गोडं असेल तर खाली सिद्धांतानं चाळीस मीटरपर्यंत गोडं धरतात, उपसा वाढला की खालचं खारं वर चढतं. सकाळी उपशाआधी आणि दुपारी उपशानंतर एकाच विहिरीची ईसी घेतलीत तर पुष्कळ कळेल.


जुळे_सोलापूर_मृदा :

तिघांचेही मनापासून आभार. मामांना फोन करून ५ चा आकडा सांगितला, ते पाइपांचा खर्च विचारत आहेत, दादा, तुम्हाला वेगळा निरोप करते.

शेवटची शंका. सोडियमचं काय? आपल्याकडे चोपण, म्हणजे सोडियममुळे पाणी न जिरणाऱ्या जमिनीसाठी जिप्सम सांगतात. समुद्राचं पाणी म्हणजे सोडियमच, मग तिथेही तेच सांगायचं का? आणि गावकरी सरळ विचारतील की आमचं खाचर पेरू की नको, तेव्हा आकड्यांवरून उत्तर कसं द्यायचं?


काळीमाती_सोलापूर :

समुद्राच्या पाण्याचं सोडियम शोषण गुणोत्तर (कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या तुलनेत सोडियम किती, याचं माप) साठच्या आसपास असतं, म्हणजे सोडियम भरपूर. तरी चोपण होते ती माती मीठ धुऊन गेल्यावर. मीठ आहे तोवर मातीचे कण एकमेकांना धरून असतात. पावसानं मीठ गेलं आणि कणांवरचा सोडियम राहिला की माती विरघळल्यासारखी फुटते, पाणी जिरत नाही. म्हणून पावसाळ्यानंतर ईसी छान उतरलेली दिसली तरी विनिमययोग्य सोडियम, म्हणजे कणांना चिकटलेला हाच सोडियम, तपासा. तपासण्याआधी मुक्त क्षार धुऊन काढा, नाहीतर मिठाचा सोडियमही त्यातच मोजला जाईल. घरच्या घरी करायचं तर वाटाण्याएवढं ढेकूळ पावसाच्या पाण्यात अलगद सोडा. भोवती गढूळ वलय पसरलं तर शंका घ्या. नुसतं पसरून बसलं आणि पाणी नितळ राहिलं तर बरं. जिप्सम सरसकट सांगू नका. तिथल्या बऱ्याच जमिनी मुळात आम्ल आहेत, तिथे कॅल्शियम चुन्यातून दिलेलं जास्त उपयोगी.

पेरणीबद्दल : भाताची सहनशक्ती संपृक्त अर्कात ३ पर्यंत, त्यापुढे दर एककाला बारा टक्के घट. पण भात सगळ्या वयात सारखा नसतो, रोपावस्थेत आणि फुलोऱ्यात नाजूक. तेव्हा एप्रिलच्या आकड्यावर ‘पेरू नका’ म्हणू नका. लावणीच्या वेळी वरच्या १५ सेंटीमीटरचा आणि खाचरात उभ्या पाण्याचा आकडा बघा. एप्रिलला ८ आणि पावसात मुरल्यावर २ होत असेल, उघाडी धड असेल, तर ते खाचर पेरण्याजोगं आहे, बेलाशक सांगा. लावणी पावसाच्या पहिल्या सरींवर नको, दोन-चार वेळा खाचर भरून रिकामं केल्यावर, आणि रोपं जरा जून. कर्नालच्या क्षार संशोधन संस्थेनं काढलेले सहनशील वाण तिथे मिळतात का ते विचारा.

पावसाळा संपूनही ६०-९० च्या थरात आकडा हलत नसेल आणि भोकातलं पाणी भरतीबरोबर वरखाली होत असेल, तर समुद्र खालून येतोय. तिथे बांधावर पैसा घालायला लावू नका. जिथे वाळवल्यावर पीएच कोसळतो, तिथे पाणी कायम ठेवून भात, खोल चर नाही. आणि जी जमीन भरतीच्या पातळीखालीच गेली आहे, ती शेतकऱ्याच्या कागदपत्रांवर भातखाचर असली तरी आता खाजण आहे. तिथे कांदळवन येऊ द्या, खेकडे-मासळीचा विचार करा, भरपाईसाठी तुमचे आकडे त्याच्या हातात द्या. हे सांगणं जड जाईल. पण वर्षानुवर्षं बियाणं खाऱ्या पाण्यात घालवणाऱ्या माणसाला खरं सांगायला कुणीतरी हवं, आणि खोलीप्रमाणे, हंगामाप्रमाणे नीट मोजलेले आकडे जवळ असतील तर ते तुम्ही सांगू शकता.

जाण्याआधी मामांच्या रानात संपृक्त अर्काचा हात बसवून घ्या. प्रयोगशाळेत निर्वात पंप मिळत नसेल तर कळवा, सोलापुरात सोय करून देतो.